एकाच कॅमेऱ्यात फोटो आणि व्हिडिओ : घेण्यापूर्वीचा हिशेब

दिवाळी सरली की आमच्याकडे कॅमेऱ्याचे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक वीस ते तीस वयाचे. कुणी दोन हंगाम एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली फ्लॅश धरलेला, कुणी मोबाईलवर मित्राच्या लग्नाची फिल्म जोडलेली. आता स्वतःचे काम सुरू करावयाचे आहे. फोटोही काढायचे, व्हिडिओही घ्यायचा, आणि पैसा मात्र एकाच कॅमेऱ्याचा. आम्ही फोटोग्राफर नाही, कारकून आहोत. परंतु वस्तीतल्या मुलांची कोटेशने, बिले आणि हप्त्यांचे कागद तपासता तपासता या यंत्राची बरीच माहिती झाली. ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

गेल्या महिन्यात एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील महापालिकेच्या सफाई खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. फंडातले दीड लाख मुलीच्या कॅमेऱ्याला द्यायचे त्यांनी ठरविले होते. "काका, दुकानदार म्हणतो हा घे, यात सगळं आहे," असे म्हणून तिने एका छोट्या कॅमेऱ्याचे पत्रक पुढे केले. वडील गप्प होते. तीस वर्षे पहाटे उठून झाडू मारल्याचा तो पैसा. तो यंत्रात घालताना 'यात सगळं आहे' एवढ्यावर कसे भागेल?

पहिली गोष्ट म्हणजे आपण कॅमेरा घेतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात सोयरीक करतो. प्रत्येक कंपनीच्या बॉडीवर लेन्स बसविण्याची कडी वेगळी असते. तिला माऊंट म्हणतात. सोनीचा ई-माऊंट २०१० पासून आहे, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे दोन्ही २०१८ चे. पॅनासोनिक, लायका आणि सिग्मा यांनी त्याच साली एल-माऊंटसाठी करार केला. एकीची लेन्स दुसरीवर सरळ बसत नाही. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स चांगली सांभाळली तर पंधरा वर्षे चालते. म्हणजे खरा पैसा लेन्समध्ये अडकतो, आणि लेन्स घेतली की त्या घराशी नाते जुळले.

काही घरे बंदही पडतात. निकॉनने २०११ साली 'वन' नावाची मालिका काढली आणि २०१८ साली गुंडाळली. कॅननची 'एम' मालिका २०१२ ची. तिचा एम५० हा कॅमेरा पोरांत फार लोकप्रिय होता. २०२३ साली ती मालिकाही संपली. कॅमेरे चालतात, पण त्या माऊंटसाठी कंपनी आता नवे काही काढणार नाही, आणि त्या लेन्स नव्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत. जुन्या बाजारात एम५० स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळजण धावतात. शिवाय त्यात फोर-के व्हिडिओ लावला की चित्र बाजूंनी खूप कापले जाते आणि फोकसची चांगली पद्धत बंद होते. घरच्या फोटोला हरकत नाही. धंद्याला आम्ही तो सुचविणार नाही.

आरसेवाल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांबद्दलही विचारणा होते. निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ या दोन कॅमेऱ्यांनी २००८ साली फोटोच्या यंत्रात व्हिडिओ आणला, तिथून हे सारे सुरू झाले. फोटोसाठी ही यंत्रे अजूनही उत्तम, आणि जुन्या बाजारात फारच स्वस्त. पण व्हिडिओ घेताना आरसा वर राहतो, फोकसची मुख्य यंत्रणा बाजूला पडते, आणि बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत फोकस पुढे-मागे हेलपाटे घालीत बसतो. नवरी चालत येते आहे आणि फोकस मागच्या पडद्यावर आहे! कॅननने २०१३ साली ७०डी मध्ये यावर चांगला तोडगा काढला. तरीही कंपन्यांचे सारे लक्ष आता बिनआरशाच्या कॅमेऱ्याकडे आहे. नवी सुरुवात करणाऱ्याने तिकडेच जावे.

आता सेन्सर. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रिळाच्या चौकटीएवढा. एपीएस-सी म्हणजे साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ काढून पाहा, मोठा लहानाच्या सव्वादोन पटीहून थोडा जास्त भरतो. तेवढा प्रकाश जास्त गोळा होतो. आपली कामे कुठे होतात? विहारात, समाजमंदिरात, पालिकेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, चार ट्यूबलाइटच्या उजेडात. तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

पण नुसत्या सेन्सरने भागत नाही. सोबत येणारी स्वस्त लेन्स पुढे ओढली की एफ ५.६ वर जाते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे लहान सेन्सरवर चांगली लेन्स ही मोठ्या सेन्सरवरच्या भिकार लेन्सला मागे टाकते. दीड लाखांपैकी सव्वा लाख बॉडीत घालून उरल्यासुरल्यात लेन्स घेणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांचे फोटो त्यांनीच आम्हांला दाखविले आणि विचारले, "काका, कॅमेरा एवढा भारी, मग फोटो असे का?"

खोलीचा आकारही लक्षात घ्यावा. हळद दहा बाय बाराच्या खोलीत असते, तीत पंचवीस बायका. तिथे रुंद दिसणारी लेन्स हवी. फुल फ्रेमवर जी २८ ची लेन्स रुंद वाटते, तीच लहान सेन्सरवर ४२ सारखी दिसते आणि तुम्ही भिंतीला पाठ लावूनही अर्धी माणसे कापता. लहान सेन्सरवर सुमारे १८ ची घ्यावी लागते. (हळदीला बाई फोटोग्राफर असली की बायका मोकळ्या होतात, हा त्या मुलीच्या बाजूचा मोठा मुद्दा. तो तिच्या वडिलांना आम्ही मुद्दाम सांगितला.)

आमच्या वाचकांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा. आपल्या मंगल परिणयात नवरा-नवरी पांढऱ्या वस्त्रात, पाहुण्यांतही पांढरे पुष्कळ. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सारे सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. पांढरे जास्त दिसले की त्याला वाटते उजेड फार आहे, आणि तो चित्र काळवंडून टाकतो. साडी करडी येते, चेहरे अंधारात जातात. उपाय साधा आहे. एक्स्पोजर पाऊण-एक पायरी वर न्यावे, आणि पांढरे जळत नाही ना हे पडद्यावरच्या झेब्र्याच्या रेघांवरून पाहावे. फोटो रॉ मध्ये काढला असेल तर अंधारातला चेहरा नंतरही उचलता येतो. व्हिडिओत मात्र तेवढी सवलत नाही. साध्या ८ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १०२४. आठ बिटवाला चेहरा उजळायला गेलात की त्यावर पट्टे आणि डाग उमटतात. म्हणून व्हिडिओ हाच मुख्य धंदा होणार असेल तर १० बिट आहे का हे विचारावे.

चेहरा उजळणे म्हणजे गोरा करणे नव्हे, एवढे आम्ही इथे सांगून टाकतो. नवरी सावळी असेल तर ती सावळीच सुंदर दिसली पाहिजे. अल्बममध्ये पीठ फासल्यासारखे चेहरे देणारे फोटोग्राफर आहेत, आणि 'गिऱ्हाईकच मागतं' असे त्यांचे म्हणणे असते. गिऱ्हाईकाला एकदा दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्यात.

फोटो आणि व्हिडिओ यांच्या मागण्या कुठे भांडतात, तेही पाहू. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रे घेतली तर शटर त्याच्या दुप्पट, म्हणजे १/५० ठेवण्याचा रिवाज आहे. हालचाल डोळ्यांना सहज दिसते, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने १/५० किंवा १/१०० वर दिव्यांची लुकलुकही सहसा येत नाही. पण १/५० वर नाचणाऱ्या माणसाचा फोटो पुसट येतो. फोटोला १/२५० हवे. म्हणून 'व्हिडिओ घेऊ आणि त्यातूनच फोटो काढू' हा विचार सोडून द्यावा. फोर-के मधले एक चित्र सुमारे ८३ लाख ठिपक्यांचे असते. अल्बमच्या छोट्या खिडकीला ते चालेल, पण हलणारा हात त्यात हलतच राहणार.

दुसरे भांडण फ्लॅशचे. काही नवे कॅमेरे मुख्यतः व्हिडिओसाठी बनविले आहेत. सोनीचा झेडव्ही-ई१० मार्क २ (२०२४) घ्या. व्हिडिओला फार चांगला, १० बिट आहे, बॅटरीही मोठी. परंतु त्यात यांत्रिक शटरच नाही, सारे काम इलेक्ट्रॉनिक शटरवर. स्टेजवर दीडशे लोकांचे रांगेने फ्लॅश मारून फोटो काढायचे असतील तर हे यंत्र त्या कामाचे नाही. एलईडीच्या रोषणाईतही इलेक्ट्रॉनिक शटरच्या फोटोवर आडवे पट्टे येण्याचा धोका जास्त. त्या मुलीच्या हातातले पत्रक याच कॅमेऱ्याचे होते. 'यात सगळं आहे' म्हणणाऱ्या दुकानदाराने एवढी गोष्ट सांगितली नव्हती.

आणि तिसरे, सर्वांत साधे. माळा घालण्याचा क्षण एकच असतो. त्या क्षणी एक माणूस एकतर बटण दाबून फोटो काढील किंवा व्हिडिओ चालू ठेवील. कोणताही कॅमेरा घ्या, हे सुटत नाही. काम वाढले की दुसरी बॉडी आणि दुसरा माणूस लागणारच. म्हणून पहिला कॅमेरा घेतानाच विचार करावा की उद्याच्या दुसऱ्या बॉडीला याच लेन्स बसतील का, याच बॅटऱ्या चालतील का. सिस्टीम पाहून घ्या म्हणतात ते याचसाठी.

लग्नासाठी आम्ही आणखी दोन गोष्टींवर अडून बसतो. पहिली म्हणजे दोन कार्डांची सोय. कार्ड कधी बिघडेल सांगता येत नाही, आणि लग्न पुन्हा लावता येत नाही. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरले तर रात्री झोप लागते. दुसरी म्हणजे माईकचे आणि हेडफोनचे भोक. हेडफोन नसेल तर भंतेजींचा आवाज येतो आहे की नुसती पंख्याची घरघर, हे घरी गेल्यावर कळते. वंदनेचा आवाज गेला तर चित्र कितीही सुंदर असो, आजी म्हणणार, "ह्यात ऐकूच येत नाही बाबा."

एवढे सारे धरून आम्ही त्या बापलेकीला दोन वाटा दाखविल्या. पहिली वाट जुन्या बाजारातला सोनी ए-७ मार्क ३. हा २०१८ चा कॅमेरा. फुल फ्रेम, दोन कार्डे, माईक-हेडफोन दोन्ही, हात हलला तर सावरणारी आतली यंत्रणा, आणि कंपनीच्या मोजणीने एका बॅटरीत सातशेच्या आसपास फोटो. उणेही आहेच. व्हिडिओ ८ बिटचा आणि एका दमात सुमारे २९ मिनिटांचा. (युरोपात तीस मिनिटे सलग चालणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात लागे, म्हणून अनेक कंपन्यांनी ही मर्यादा ठेवली होती. त्यांच्या जकातीपायी आपल्याकडचे भाषण मध्येच तुटायचे!) या माऊंटला टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या पुष्कळ लेन्स मिळतात. टॅमरॉनची २८-७५, एफ २.८ अशी एकच लेन्स हळदीपासून स्टेजपर्यंत बरेच काम उरकते. उद्या दुसरी बॉडी म्हणून वर सांगितलेला झेडव्ही-ई१० मार्क २ नुसत्या व्हिडिओसाठी घेतला तर त्याला हीच लेन्स आणि हीच बॅटरी चालते. त्याचा आधीचा, २०२१ चा झेडव्ही-ई१० घेतला तर लेन्स चालते पण बॅटरी वेगळी लागते.

दुसरी वाट पॅनासोनिक एस५ मार्क २. हा २०२३ चा. पॅनासोनिकचा फोकस व्हिडिओत वर्षानुवर्षे डगमगत असे. या कॅमेऱ्यात त्यांनी पहिल्यांदा फेज डिटेक्शन पद्धत आणली. व्हिडिओ १० बिटचा, आत पंखा असल्याने तापून बंद पडण्याची भीती कमी, कार्डे दोन, हात सावरण्याची यंत्रणा उत्कृष्ट. ज्याला व्याख्याने, परिषदा, नाटके सलग टिपायची आहेत त्याने हा पाहावा. एल-माऊंटला सिग्माच्या लेन्स मिळतात, पण जुन्या बाजारात सोनीइतक्या सहज सापडत नाहीत, आणि आपल्या भागात भाड्यानेही कमी मिळतात.

कॅनन का नाही, असे वडिलांनी विचारले. त्यांच्या ओळखीचा फोटोग्राफर कॅननवाला. कॅननचे रंग आणि फोकस चांगले, यात वाद नाही. पण आरएफ माऊंटसाठी दुसऱ्या कंपन्यांना स्वयंचलित फोकसच्या लेन्स काढण्याची वाट कॅननने २०२४ मध्ये उघडली, तीही लहान सेन्सरच्या लेन्सपासून. त्यामुळे स्वस्त आणि चांगल्या लेन्सची निवड तिथे अजून तोकडी आहे. ज्याच्या घरी जुन्या कॅनन ईएफ लेन्स आहेत, त्याने मात्र कॅननच घ्यावा. अडॅप्टरवर त्या उत्तम चालतात.

आता वहीचा हिशेब. दुकानातल्या आकड्यात बॉडी-लेन्स दिसते, बाकीचे दिसत नाही. जादा दोन बॅटऱ्या, चार कार्डे, फ्लॅश, माईक, ट्रायपॉड, बॅग, हार्ड डिस्क. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटच्या वेगाने घेतला तर तासाला ४५ जीबी भरतात. चार तासांचे चित्रण म्हणजे १८० जीबी. दोन टीबीच्या डिस्कमध्ये अकरा लग्ने मावतात, आणि दुसरी प्रत ठेवायची तर दुसरी डिस्क. जोडणीचा संगणकही हवा. डा व्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्ती सुरुवातीला पुरते, पण १० बिटचे चित्रण जुन्या संगणकाला ओढवत नाही. ८ बिटच्या कॅमेऱ्याचा हाही एक फायदाच. आमचा ठोकताळा असा की एकूण पैशांतला निम्म्याहून कमी भाग बॉडीला जावा.

समजा सारे मिळून १,८०,००० लागले आणि हे यंत्र तीन वर्षे कमावणार. वर्षाला ३० कामे धरली तर ९० कामे झाली. म्हणजे प्रत्येक कामातून २,००० रुपये ही कॅमेऱ्याची मजुरी आहे, तुमची नव्हे. ती बाजूला काढून ठेवली नाही तर तीन वर्षांनी कॅमेरा जुना आणि हात रिकामा.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी व्याज कसे मोजले आहे ते विचारावे. 'फक्त बारा टक्के' सरळ व्याजाने एक लाख दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीने मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यापेक्षा बँकेत मुद्रा योजनेचे विचारावे. ही योजना २०१५ पासून आहे, 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान व बीजभांडवल योजनाही आपल्या मुलामुलींसाठी आहेत. तिथे कोटेशन, जातीचा व उत्पन्नाचा दाखला लागतो, फेऱ्याही माराव्या लागतात. माराव्यात.

जुना कॅमेरा घेताना पक्के बिल आणि खोका मागावा, बिलावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. शटर किती वेळा उडाले ते विचारावे. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. वीस मिनिटे फोर-के चालू ठेवून तापतो का पाहावे, दोन्ही कार्डे घालून पाहावीत, माईक लावून ऐकावे. नवा घेताना 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचविण्याच्या नादात वॉरंटीही जाते, आणि बिल नसेल तर चोरीची तक्रार लिहून घेतानाही अडचण येते.

त्या मुलीने अजून कॅमेरा घेतलेला नाही. आम्ही तिला ए-७ मार्क ३ आणि २८-७५ लेन्स दोन दिवस भाड्याने आणायला सांगितले. डिपॉझिट वडिलांनी भरले. मावसभावाच्या लग्नात तिने फोटो आणि व्हिडिओ दोन्ही घेऊन पाहिले. परवा ती डिस्क घेऊन आली तेव्हा म्हणाली, "काका, फोटो जमले, पण माळा घालताना व्हिडिओ सुटला. धाकट्या भावाला शिकवते आता." भाऊ बारावीला आहे. त्याची परीक्षा संपेपर्यंत फंडाचे पैसे बँकेतच राहू द्यावेत, असे बापलेकीचे ठरले आहे.